लाभ, दोन, तीन

"उभी राहा. या रांगेतली मशीनं मोज. मोठ्यानं."

सर मला म्हणाले. पहिल्या सत्राचा दुसरा आठवडा. सांगलीतलं कॉलेज, एसी लावलेली लॅब, चपला दाराबाहेर. सर लूप शिकवत होते. एकच काम मशीन पुन्हा पुन्हा कसं करतं, ते. कुणाला तरी उठवून मोजायला लावायचं होतं, त्यांचं बोट माझ्यावर आलं.

मी उभी राहिले. घाम फुटला होता. घाबरलं की माणूस घरचंच बोलतं. पहिल्या मशीनकडं बोट केलं आणि म्हणाले, "लाभ." मग "दोन." मग "तीन."

पाचावर पोचले तेव्हा कळलं की सगळी लॅब हसतेय.

"लाभ? हे काय?"

"सर, आमच्यात पहिल्याला एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणत्यात."

"आमच्यात म्हणजे कुठं?"

"जत तालुका, सर."

"अच्छा, दुष्काळी." सरांनी पोरांकडं बघितलं. "ही कॉम्प्युटर लॅब आहे बाई, खळं नाही. जोंधळे मोजायला आलीस का?"

पुन्हा हशा. मी खाली बसले. कान तापले होते. अजूनही आठवलं की तापतात.

तर ऐका. आमच्या खळ्यावर रास झाली की आप्पा मापट्यानं जोंधळा मोजून पोत्यात ओततात. मोजायचं काम माझं. पहिलं मापटं पडलं की "लाभ" म्हणायचं, मग "दोन". लहानपणी एकदा मी "एक" म्हणाले, तर अव्वा, माझी आई, अंगावर धावली होती. "एक म्हणू न्हाई गं. लाभ म्हण. बरकत ऱ्हाती." कोरडवाहू रान आमचं. चार पोती झाली तर झाली. पण मोजायची सुरुवात लाभानंच. यात हसण्यासारखं काय होतं, मला आजही कळलेलं नाही.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी लाभ झाले. "ए लाभ, सरक." "ए लाभ, झेरॉक्स आण की."

लॅबमध्ये एका मशीनला दोघं. माझ्या जोडीला आर्यन होता. साताऱ्यातल्या डॉक्टरांचा मुलगा, पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला, घरी स्वतःचा लॅपटॉप. मी कीबोर्डला हात लावायला गेले तर सर मागून म्हणाले, "त्याला करू दे. तू वेळ घालवशील. तू बघून शिक. अक्षर चांगलं आहे ना तुझं? मग जर्नल लिही."

जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. हेतू, प्रोग्राम, आउटपुट, निष्कर्ष, खाली सरांची लाल सही. मी आर्यनची वही लिहायला घेतली. मग त्याच्या मित्राची. मग त्याच्या मित्राच्या मैत्रिणीची. दिवाळीपर्यंत माझी धरून आठ वह्या हॉस्टेलात माझ्या कॉटवर होत्या. नाही का म्हणाले नाही? कारण वही मागताना ते माझ्याशी धड बोलायचे. तेवढ्यासाठी. लाज वाटते सांगायला, पण तेवढ्यासाठीच.

एकदा आर्यननं स्ट्रॉबेरीचा डबा पुढं केला. "घे. तुमच्याकडं कुठं मिळणार." मी घेतली. खाल्ली. थँक्यू पण म्हणाले.

अव्वाचा फोन आला की विचारायची, "मशीन शिकतीस न्हवं गं?"

"व्हय, अव्वा."

खोटं. सत्र संपत आलं तरी मी एक अक्षर टाईप केलं नव्हतं. आणि परीक्षेला एका मशीनवर एकट्यानं बसायचं असतं. तिथं आर्यन नसतो. तिथं बघून भागत नाही. नापासाचा शिक्का घेऊन मी जतला परत जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी मूग गिळून दुसऱ्यांच्या वह्या भरत होते.

पण एक झालं. एकच प्रोग्राम आठ वेळा लिहिला की तो हातात मुरतो. कुठला कंस कुठं बंद होतो, अर्धविराम कुठं पडतो, सगळं. मशीन नव्हतं, तर मी कागदावरच प्रोग्राम चालवायला लागले. ओळीवर बोट ठेवायचं आणि मशीन काय करेल ते आपण करायचं.

तेव्हा ते सापडलं. दहा पोरांच्या मार्कांची बेरीज करायचा प्रोग्राम होता. सरांच्या छापील शीटवरनं उतरवायचा, आउटपुट गेल्या वर्षीच्या जर्नलवरनं. सगळे तसंच करायचे. सहावी वही लिहिताना मी कंटाळून मार्क हातानं मिळवले. पस्तीस जास्त आले. पुन्हा मिळवले. पुन्हा पस्तीसच जास्त. मग ओळीवर बोट ठेवलं आणि सवयीनं मोजायला लागले. लाभ, दोन, तीन.

दहा खणांत दहा मार्क. मशीन त्या खणांना नंबर देतं ते शून्यापासून. पहिल्या खणाला ते एक म्हणतच नाही! आणि सरांचा लूप सुरू होत होता एकापासून. पहिला खण बाहेरच. त्यात होते पस्तीस.

अगं बाई! लाभच राहिला की!

मी कॉटवर एकटीच हसले. आणि हसता हसता असं डोकं फिरलं माझं, काय सांगू. ज्या गोष्टीवर मला हसले, तिथंच सर चुकले होते. वर्षानुवर्षं. आणि मी ती चूक सुंदर अक्षरात सहा वेळा उतरवली होती.

पुढच्या प्रॅक्टिकलला शीट घेऊन सरांपुढं उभी राहिले.

"सर, ह्यात पहिला राहतोय. बेरीज पस्तीसनं कमी येते."

"किती वर्षं चालतंय हे शीट, माहीत आहे? आता तू मला शिकवणार?" मग हसले. "बरं, टाईप करून दाखव. आर्यन, ऊठ जरा. लाभला बसू दे."

सर म्हणाले. लाभ. सरसुद्धा.

मी बसले. एक एक अक्षर हुडकत एका बोटानं टाईप केलं. महिरपी कंस कुठल्या बटणावर असतो ते सापडेना. मागं खुसखुस. कुणीतरी म्हणालं, "संध्याकाळ होईल." मी मागं बघितलं नाही. चालवलं, तर मशीननं चूक दाखवली. एक अर्धविराम राहिला होता. घातला. एकाच्या जागी शून्य केलं. पुन्हा चालवलं.

बेरीज बरोबर आली. पस्तीस जास्त. खुसखुस थांबली.

सर वाकले. स्क्रीन बघितली, शीट बघितलं. परत स्क्रीन.

"हं. ठीक आहे," सर म्हणाले. "ऊठ आता. आर्यनला बसू दे."

आर्यन खुर्चीच्या पाठीला हात लावून उभाच होता. मी उठेन यात त्याला शंका नव्हती. सरांना नव्हती. खरं सांगू? माझे पायसुद्धा उठायला लागले होते. सवय!

मी पाय दाबून धरले.

"न्हाई सर. मी उठणार न्हाई."

"काय?"

"सत्रभर बघितलं मी. आता तो बघंल."

"उद्धटपणा करू नकोस. इंटरनलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"असू देत. मी मशीन शिकायला आलेय. बघायला न्हाई आले."

दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. तास संपेपर्यंत उठले नाही. आर्यन शेजारी उभा राहिला, मग माझं कडेचं स्टूल ओढून बसला. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बघत बसला असेल.

पुढच्या आठवड्यात नवीन शीट वाटलं. एकाच्या जागी शून्य. सरांनी तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इंटरनलला मला काठावर सोडलंय, आर्यनला भरपूर. सात वह्या मी त्याच्या बाकावर नेऊन ठेवल्या. त्याची वही अर्ध्या ओळीवर सोडलीय. माझ्या वहीत चुकीचं पान होतं, ते फाडलं नाही. त्यावर काट मारून शेजारी बरोबर लिहिलंय. सरांना सही करायची असेल तर ते वाचून करावी लागेल.

"मशीन शिकतीस न्हवं?" अव्वानं परवा विचारलं.

"आता शिकतीया," मी म्हणाले.

सोमवारी परीक्षा आहे. अजून एकाच बोटानं टाईप करते. पास होईन का नापास, माहीत नाही. नापास झाले तर परत बसेन, परत झाले तर परत. पण खुर्चीवर. कडेच्या स्टुलावर माझं काम संपलं. आणि सोमवारी मी सगळ्यांच्या आधी लॅबच्या दारात असणार, पहिल्या रांगेतलं पहिलं मशीन धरणार. सरांनी हजेरी घेताना विचारलं, कितव्या मशीनवर बसलीस, तर उभी राहून मोठ्यानं सांगणार.

लाभ.