जर्मन लेबलातला राहिलेला शब्द

नव्वदच्या दशकातलं ते एक वर्ष नवरा संशोधनासाठी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला होता आणि मी ऑकलंडमध्ये, ओटाहुहूतल्या एका भाड्याच्या खोलीत. पुण्यात मी फार्मसिस्ट होते. इथली परीक्षा पास होईपर्यंत ते काम करता येत नव्हतं, म्हणून ईस्ट टामाकीतल्या बिस्किटांच्या कारखान्यात लेबलं तपासायची नोकरी धरली.

युरोपला जाणाऱ्या पुड्यावर प्रत्येक घटक तिथल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत छापलेला असावा लागे. मला जर्मन कुठलं येतंय! मंजूर झालेला मजकूर आणि छापून आलेलं लेबल शेजारी ठेवून, अक्षरावर बोट टेकवत मी ताडून बघायची. काचेच्या खोलीत एकटीच. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध मागताना लक्षात यायचं, आज आपण पहिल्यांदाच बोलतोय.

एका सकाळी छापील लेबलावर एक शब्द सापडेना. बिस्किटांच्या पिठात नुकतीच हेझलनटची, म्हणजे बदामासारख्या एका सुक्या मेव्याची, पूड घालायला लागले होते. लेबलं मात्र जुनीच छापून आली होती. तीच लावून माल खोक्यांत भरून तयार होता.

"एकच तर शब्द आहे," सुपरवायझर म्हणाला. "कोण वाचतंय?"

"ज्याला हेझलनट सोसत नाही, जिवावर बेततं, तो वाचतो. मी सही नाही करणार."

नोकरी गेली तर भाड्याचं काय, हे मनात येऊन गेलं. तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने दोन्ही कागद पाहिले आणि तो एवढंच म्हणाला, "माल थांबवा."

नवी लेबलं आल्यावर पॅकिंगच्या सहा बायका माझ्याबरोबर लांब टेबलाशी बसल्या. तीन दिवस आम्ही हाताने लेबलं चिकटवली. शेजारी बसलेल्या, सामोआ बेटांवरून आलेल्या वयस्क बाईने डब्यातला उकडलेला अळूचा कंद माझ्यापुढे सरकवला. "घरी कोण कोण असतं गं?" तिने विचारलं. मी आईबद्दल, नवऱ्याबद्दल इतकं बोलले की घसा बसला.

चौथ्या दिवशी माल गेला. बायका आपापल्या मशीनवर परतल्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्या बाईला शोधलं. तिची कामाची पाळी बदलली होती.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. "काय विशेष?"

"लेबलं चुकली होती. मी माल थांबवला."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि आपल्या प्रयोगाबद्दल सांगायला लागला. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले.