तिसऱ्या ओळीच्या आधी

दिगू गेल्याचं मला फोनवर कळलं. फोन ठेवला आणि होतो तिथंच खुर्चीत बसून राहिलो. रडलो नाही. या वयात रडायलाही उभारी लागते, आणि माझी उभारी आजकाल सकाळची गोळी घेण्यात आणि बाथरूमपर्यंत जाऊन परत येण्यात संपते. शिवाय दिगंबर पाटील दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तो गळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. तो आवाज काय होता म्हणून सांगू... हा माणूस बहादरपुरात खाकरला की तिकडे बऱ्हाणपुरात तापीच्या राजघाटावर धुणं धुणाऱ्या बाया माना वर करून आभाळ बघायच्या, गडगडलं का म्हणून. तुम्ही म्हणाल, मधे एवढं अंतर आहे. असेल. आवाजही तेवढा होता. अशा माणसानं शेवटची वर्षं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून पाणी मागितलं. मी भेटायला गेलो की तो चमचा वाजवायचा आणि मी दोघांच्या वाटचं बोलायचो. दमून जायचो. तो माझ्याकडे बघून हसायचा, की बोल लेका, आता तुला अडवणारं कोणी नाही.

तेराव्याला गेलो. जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा दिगूची बायको, सुमनवैनी, माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचा आवाज तुमच्या त्या फितीत हाय ना अजून?"

"आहे की!" मी म्हटलं. ती फीत कुठे आहे, आहे की उंदरांनी खाल्ली, मला काही माहीत नव्हतं. पण तोंडाला सवय.

वैनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या मला ओळखतात. मी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, तोच त्यांनी विचारला. "निम्मं खरं धरू का पूर्ण?"

"पूर्ण, वैनी."

"मंग आनून लावा. नातवाच्या मोबाइलवर त्यांचे फोटो लई हायेत. बोलनं एक बी नाही. मले आता... आवाज आठवत नाही, भाऊजी. तोंड दिसते, आवाज येत नाही."

ही फीत समजायची तर आधी दिगूची मोट समजायला हवी. मोट आता कोणी पाहिली नसेल, म्हणून सांगतो. बैल विहिरीपासून उतारावर खाली चालत जातात, दोरानं चामड्याची मोट वर येते, पाणी ओतते, पाण्याचा लोट पाटानं केळीच्या बागेत धावतो. पाटील घराण्यातली रीत अशी, की मोटेवरच्यानं बैल उतरवताना गाण्याची एक ओळ दोनदा म्हणायची आणि थांबायचं. लोट बागेच्या टोकाला पोचला की तिथं उभ्या असलेल्या बाईनं हाक द्यायची, "आलं!" मग मोटेवरच्यानं तिसरी ओळ म्हणत बैल मागे घ्यायचे. हाक आली नाही तर समजायचं, पाट कुठेतरी फुटला, पळा फावडं घेऊन. दिगूच्या लग्नानंतर ही हाक सुमनवैनींची. नवी नवरी, सासऱ्यासमोर मान वर करायची नाही, पण "आलं!" अशी द्यायची की केळीची पानं फाटायची. नवराबायकोनं दिवसा एकमेकांशी बोलायचं नाही असा तो काळ. त्यांचं सगळं बोलणं त्या एका शब्दात चालायचं.

मी बऱ्हाणपुरात रेडिओ दुरुस्त करायचो. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. कालपर्यंत आम्ही नागपूरचे होतो, एका सकाळी भोपाळचे झालो, आणि सरकारी कागद आम्हाला नव्यानं ओळख विचारू लागले. त्याच दिवसांत भुसावळचा एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर, आम्ही त्याला हॅरीसाहेब म्हणायचो, चंबूगबाळं आवरून विलायतेला निघाला. त्याचा टेपरेकॉर्डर मी घेतला. दिगू मदतीला आला होता, कारण ते यंत्र उचलायला एक रेडा किंवा एक दिगू लागायचा. निघताना हॅरीसाहेबानं ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. कोणी काळा अमेरिकन माणूस गात होता. गात होता म्हणजे, विहिरीच्या तळातून स्वतःलाच बोलावत होता.

"क्या बोलता है?" दिगूनं विचारलं.

"बोलता है, सुबह उठा तो औरत चली गई."

"फिर?"

"फिर वही. सुबह उठा तो औरत चली गई."

"दोबारा कायको?"

हॅरीसाहेबाचे डोळे बांधलेल्या ट्रंकांवर होते. तो म्हणाला, "एक बार में कहाँ उतरता है, पटेल."

दिगूनं टाचेनं ताल धरून पाहिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मेकॅनिक, हे तं मोटेचं गानं हाय बे!" आणि हट्टाला पेटला, की हे गाणं आपण आपल्या भाषेत आपल्या यंत्रावर भरायचं.

घरी कळल्यावर वैनींनी दाराआडून निरोप धाडला, तोही सासूमार्फत. जितीजागती बायको घरात असताना बायको गेल्याचं गाणं याच घरात? तिच्या जिवावर गाणं नको. कोणाला घालवायचंच असेल तर दुसऱ्या कोणाला घालवा. दिगूनं डोकं खाजवलं. आणि मग त्यानं गाण्यात हौशाला घातलं.

हौशा त्याचा मोटेचा बैल. गावात वीज आली, विहिरीवर मोटार बसली, मोट वळचणीला गेली आणि आबांनी, म्हणजे दिगूच्या वडिलांनी, हौशाला खकनारच्या बाजारात विकून टाकलं. गोठ्यात दावं तसंच बांधलेलं होतं. दिगू हात लावू द्यायचा नाही कोणाला.

आवाज भरायला बिनगोंगाटाची खोली पाहिजे. दिगूनं आबांची केळी पिकवायची वखार शोधून काढली. जाड भिंती, खिडकी नाही, आतून वाळलेल्या केळीच्या पानांचं अस्तर. मुंबईच्या स्टुडिओवाल्यांनी पाहिली असती तर लाजून रॉकेलची दुकानं टाकली असती. फक्त एक बारीक गोष्ट आम्ही लक्षात घेतली नाही. आत घड लावलेले होते आणि ते पिकावेत म्हणून शेणींचा धूर कोंडलेला होता. आम्ही दार उघडलं, धूर बाहेर, आम्ही आत, दार बंद. वीज भिंतीतल्या भोकातून वायरनं ओढली. ज्या विजेनं हौशाला घालवलं तिच्यावरच हे गाणं भरलं गेलं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. भजनी मंडळाची एकतारी मी मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर पेचकसाची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची, दांडी घासत राहिलो. ती अशी विव्हळली की बाहेर कुत्री गोळा झाली. ताल दिगूच्या टाचेचा. मग तो गायला.

सकाळी दावं पाह्यलं, दाव्याले हौशा नाही...
अरे सकाळी दावं पाह्यलं, दाव्याले हौशा नाही...

आणि थांबला. चकरी फिरतेय, फीत सरतेय, हा थांबलेलाच. मी खुणा करतोय, भुवया उडवतोय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हळूच:

हिरीत पानी काठोकाठ, पन तहान कोनाले नाही.

"शब्द इसरला काय रे? फीत वाया गेली ना!" मी ओरडलो.

"नाही," तो म्हणाला. "सवय." डोळे पुसत होता. मीही पुसत होतो. थोडा धूर आत उरला होता, त्यामुळे कोणी कोणाला विचारायची गरज पडली नाही.

फळ असं, की धूर गेल्यामुळे ते घड एका अंगानं पिवळे आणि दुसऱ्या अंगानं हिरवे निघाले. आबांनी दिगूला गावभर शोधलं. हातात काय होतं ते सांगत नाही. वैनींना गाणं ऐकवायला गेलो तर त्या म्हणाल्या, "रिकामा गोठा मी रोज पाह्यते. ऐकू कायले?" झालं. ती फीत बिस्किटाच्या डब्यात गेली, डबा माळ्यावर गेला. आणि आयुष्य... ते जसं जातं तसं गेलं.

तेराव्यानंतर मी डबा शोधला. फीत होती. यंत्र दुकानाच्या मागच्या खोलीत धुळीत बसलं होतं. तारा जोडायला कथलाचा डाग देताना बोट भाजलं, पट्टा विरून गेलेला, त्याजागी शिलाई मशीनचा कापून लावला. खोटं सांगत नाही, पार थकलो. आधी एकदा वाजवून बघावं असं दहादा मनात आलं. पण जुनी फीत एकदा वाजते आणि दुसऱ्यांदा तुटते, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. जे एकदाच वाजेल ते वैनींसमोर वाजू दे, म्हटलं. आणि काहीच वाजलं नाही तर मी त्या बाईला पूर्ण म्हणून निम्मंही दिलं नाही असं होईल...

वैनी म्हणाल्या, "वखारीतच लावा." वखारीत आता खतांच्या गोण्या आहेत. एका गोणीवर त्या बसल्या, दुसरीवर मी. दार उघडंच ठेवलं. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. कळ दाबली. आधी नुसती खरखर. मग कुत्री. मग माझी ती एकतारी, देवा, काय वाजवली होती मी! आणि मग दिगू.

वैनींनी पदर तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

एक ओळ झाली. तीच ओळ पुन्हा झाली. आणि थांबला. फीत फिरत होती. मला वाटलं तुटली, मी यंत्राकडे हात नेला. वैनींनी तो मनगटाला धरून खाली ठेवला. त्या यंत्राकडे बघत नव्हत्या. दाराबाहेर बघत होत्या, जिथं पूर्वी बागेचं टोक होतं तिकडे. पदर खाली आला, मान वर झाली, आणि त्या म्हाताऱ्या बाईनं खणखणीत हाक दिली.

"आलं!"

दिगूनं तिसरी ओळ उचलली.