मुक्या मारावरचं पान

आमच्या इमारतीत कुणाचं डोकं फुटलं की लोक आधी भट्टीमावशीकडे धावायचे, मग डॉक्टरकडे. आणि डोकी फुटायची, हे आधीच सांगून टाकते. तळमजल्यावर भंगाराचं गोदाम, समोर दारूचं दुकान, मधे एवढासा बोळ. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की आधी आई-बाप निघायचे, मग गचांडी, मग ज्याच्या हाताला जे लागेल ते. एकदा भंगारवाल्याच्या सख्ख्या भावाने त्याच्या कानावर पत्रा हाणला. पाळी लोंबत होती. मावशीने ती दोन बोटांत धरून जागेवर बसवली, पानाचा रस पिळला, वर कापड दाबलं.

"धर असं. टाके पडेपर्यंत सोडायचं नाही. आणि भावाला सांग, पुढच्या खेपेला दुसरा कान. जोडी जुळेल."

मावशी पावाच्या भट्टीवर कामाला होती. लांब दांड्याच्या फळ्याने तापल्या भट्टीतून पाव ओढून ओढून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे पट्टे, वहीच्या पानावर ओळी आखाव्यात तसे. त्या पट्ट्यांपायीच तिने कुंड्या लावायला सुरुवात केली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरंबाळं नाहीत. पहिल्या मजल्यावर माझ्या दारासमोर तिचं दार, आणि मधल्या मोकळ्या जागेत रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, कान तुटलेली पातेली, सगळ्यांत पानफुटी. जाड, मांसल पानं, कडेला कातरल्यासारख्या खाचा. पान मातीवर पडलं की त्या खाचांतूनच नवी रोपं फुटतात. काही लोक हिलाच घायमारी म्हणतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोरफडीचे दोन गड्डे होते, ते फक्त भाजण्यासाठी.

तिचा हिशेब सरळ होता. चिरलं असेल तर कच्च्या पानाचा रस. भाजलं असेल तर कोरफडीचा गर. मुका मार असेल, म्हणजे कातडी शाबूत आणि आत काळंनिळं, तर पानफुटीचं पान तव्यावर शेकायचं, मऊ पडलं की तेलाचं बोट फिरवून सोसवेल इतकं गरम बांधायचं. सूज उतरते. मुतखड्यासाठी पानं चावायला नेणारेही होते, त्यांना ती म्हणायची, "खडा पडला तर मला दाखवा, नाही पडला तर डॉक्टरला."

आणि एक नियम. कसं लागलं, हे विचारायचं नाही. "पान मागायला आलेल्याची उलटतपासणी केली तर तो पुढच्या वेळी येणार नाही, जखम कुजवत बसेल," असं तिचं म्हणणं. लोक आपणहून काहीबाही सांगायचे. दारावर आपटले, मांजर आडवं आलं. मावशी मान हलवायची आणि पान शेकायची.

आमच्या वरच्या मजल्यावर शटरवाला राहायचा. दुकानांची शटरं दुरुस्त करायचा. शटर खाली ओढायचा लांब लोखंडी आकडा, मागे लाकडी मूठ, कायम त्याच्याजवळ. घरात यायचा तेव्हाही दाराशी ठेवायचा नाही, आत न्यायचा. घरात आई आणि नवीन लग्न झालेली बायको. बायको बारीक चणीची, हसली की तोंडावर हात धरणारी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिच्या सासूच्या खेपा मावशीकडे सुरू झाल्या. सून मोरीत घसरली. सून फळीवरचा डबा काढताना पडली. वरून आम्हाला आवाज यायचे ते निराळे. आधी भांडं, मग एक धप्प असा आवाज, पोतं टाकल्यासारखा, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ची जास्त भीती वाटायची. दार ठोठावलं की शटरवाला आकडा हातात घेऊनच उघडायचा आणि म्हणायचा, "वहिनी, काही हवंय?"

त्या मुलीचा बाप काटेवाला. बाजारातले वजनकाटे तपासायचा, दुरुस्त करायचा. सचोटीचा माणूस, पण काट्यासारखाच. समोर ठेवाल तेवढंच मोजणार. मुलीने एकदा चोरून फोन केला, बाबा, मला मारतात, न्यायला या. तो आला, पण मधे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत सासूने मावशीकडून भरपूर पानं नेली. बापाने मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. काही नव्हतं. सासूने डोळ्यांना पदर लावला. जाताना तो मावशीच्या दाराशी थांबला, हात जोडले.

"पोरगी पडली होती म्हणे. तुमच्या पानाने खूणसुद्धा राहिली नाही. उपकार झाले. आणि ही बया मला काय काय सांगत होती! बजावलंय तिला, पुन्हा खोटं सांगून बोलावलंस तर येणार नाही."

 तो जिना उतरून गेला. मावशी कुंडीपाशी बसली आणि एकेक पान उलटसुलट करून बघायला लागली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "मी पुसलं गं सगळं. फडक्याने ओटा पुसावा तसं."

त्यानंतरचा मार जास्त होता. आता मुलीने बोलावलं तरी बाप येणार नाही हे घरात सगळ्यांनाच कळलं होतं.

एका दुपारी वर अशी काही आदळआपट झाली की माझ्या छताचा पोपडा पडला. थोड्या वेळाने सासू खाली आली.

"चार पानं दे गं. सून जिन्यावरून घसरली. तोंडावरच आपटली. तिचा बाप बाजारात आलाय काटे तपासायला, संध्याकाळी चहाला वर डोकावेल. त्याच्या आत सूज उतरायला हवी."

"जिना भारी खोडकर झालाय," मावशी म्हणाली. "आम्ही सगळे त्याच जिन्याने जातो-येतो. आम्हाला बरा ढकलत नाही."

"देतेस का नाही?"

"नाही."

"कुंड्या तर भरल्यात."

"भरल्यात. पण आज पान नाही. सूज राहू दे. बापाला बघू दे."

सासूने स्वतःच हात घातला. मावशीने तिचं मनगट धरलं. भट्टीवाल्या हाताने धरलं म्हणजे धरलंच. सासू किंचाळली आणि शटरवाला आकडा घेऊन धाडधाड खाली आला.

"माझ्या आईवर हात टाकतेस?"

पहिला फटका मावशीच्या हातावर बसला, कोपराच्या खाली. असा आवाज झाला की मी माझ्याच हाताला धरलं. सासूचं मनगट सुटलं. दुसरा फटका डब्यांवर. रंगाचा डबा उडून भिंतीवर आपटला, माती माझ्या उंबऱ्यापर्यंत आली. त्याने आकड्याने एकेक रोप उपटलं, टाचेखाली चिरडलं. पानांतून पाणी फुटत होतं आणि जिना हिरवा होत होता. तो घसरला, त्यामुळे आणखी पिसाळला. वरच्या मजल्यावरचा नळवाला कठड्यावरून वाकला होता, त्याच्याकडे बघून म्हणाला, "खाली ये, तुलाही देतो." नळवाला मागे झाला.

मावशी हात पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. तेवढ्यात तिची नजर वर गेली. माझीही. जिन्याच्या वळणावर दोन अनवाणी पाय उभे होते. मुलगी. खाली यायला हीच एक वाट, आणि वाटेत तो.

मावशी हसली. खरंच हसली.

"एवढंच होय? शटरवाल्या, खिडकीतली कोरफड राहिली की! माझी सगळ्यात जुनी. तिला हात लावून दाखव, मग मर्द म्हणेन."

तो तिला ढकलून आत घुसला. "अरे पुरे, लोक बघतायत," करत आईही त्याच्या मागे. आत काचा फुटल्या. मुलगी खाली उतरली. एक डोळा पार बंद, ओठ फाटलेला, गालावर आकड्याच्या मुठीचा गोल वळ. ती आमच्यासमोर थांबली, तर मावशी दातओठ खात पुटपुटली, "बघत काय बसलीस? सरळ बापाकडे जा. तोंड झाकू नकोस. वाटेत कुणी पदर दिला तरी घेऊ नकोस." आणि मोठ्याने आत ओरडली, "अरे, ओट्याखाली अजून एक आहे, आंधळ्या!"

ओट्याखाली काहीच नव्हतं, एक बादली होती. तो ती बडवत राहिला.

मी मुलीबरोबर निघाले. बाजारभर लोक वाट सोडत होते. काटेवाला धान्याच्या दुकानात काट्याचं पारडं काढून बसला होता. त्याने मान वर केली. हनुवटी धरायची, तोंड फिरवायची काही गरजच पडली नाही. तो उठला, दोन किलोचं वजन मुठीत घेतलं आणि चालायला लागला.

दुकानाच्या पायरीवरच मावशी समोर आली, आमच्या मागोमाग निघालेली. घामाने निथळत, हात फुगून पावासारखा झालेला.

"वजन खाली ठेवा."

"बाजूला व्हा बाई. आज त्याचं डोकं फोडतो."

"फोडा. मग तुम्ही आत, आणि ही परत त्याच घरात. न्यायला कोण येणार हिला?"

त्याने तिच्या हाताकडे बघितलं. मग मुलीकडे. "पान नाही लावलं?"

"मागच्या वेळी लावलं होतं," मावशी म्हणाली.

त्याने वाकून वजन पायरीवर ठेवलं.  मुलगी म्हणाली, "बाबा, चला."

दवाखाना झाला, चौकी झाली. हवालदार म्हणाला, घरचं भांडण आहे, मिटवून घ्या; तेव्हा मावशीने आपला हात त्याच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. "हे माझ्या घरचं नाही. याचं काय करता?" शटरवाल्याला आणायला दोघे शिपाई गेले. मुलगी बापाबरोबर गेली, ती परत आली नाही.

मावशीचं हाड शाबूत होतं, पण मार आतपर्यंत गेलेला. सगळ्यांनी बघून होईपर्यंत तिने त्यावर काही लावलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "आता बघ बाई, जिन्यावर एखादं धड पान सापडतंय का." पायरीच्या कोपऱ्यात एक सापडलं, बुटाची नक्षी उमटलेलं. धुऊन, शेकून बांधलं. उरलेला चुराडा मी फेकून देणार होते, तर ओरडली, "डब्यात टाक. बुटाला भिणारं झाड नाही ते."

आता डबे पुन्हा भरलेत. नियम मात्र बदलला. परवा नळवाला कपाळावर टेंगूळ घेऊन आला. मावशीने तवा तापत ठेवला आणि हात कमरेवर.

"काय लागलं?"

"पाइप लागला, मावशी."

"पाइप कुणाच्या हातात होता?"

"अहो, माझ्याच!"

"बायकोला बोलाव खाली. ती सांगू दे. मग पान."