साडूच्या गच्चीवरचा केशरी

"बाबा, अंतरपाट काका रंगवणार," मधुराने मोबाइलवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला आणि त्याच शनिवारी मी स्कूटर काढली. काका म्हणजे माझा साडू सतीश, बोरिवलीचा. पळसाच्या फुलांत त्याने जुनं धोतर रंगवलं होतं. निखाऱ्यासारखा केशरी! पानाफुलांचे रंग मी वर्षानुवर्षं काढतोय, कुठल्याही वर्गाला न जाता. हा दिवाळीनंतर सुरू झाला, तेही माझं बघून. लेक माझी आणि लग्नातला रंग याचा?

मुलुंडहून घोडबंदरमार्गे जा. दीडशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं. लवकर निघा, नाहीतर गायमुखच्या चढावर ट्रेलरमागे वाट लागते. काशिमीऱ्याला मिसळ खाल्ली. तर्री बरी, फरसाण नरम.

सतीशच्या गेटबाहेर दोन पळस आहेत. साहेब चपला घालून खाली उतरतात आणि ताज्या फुलांची पिशवी भरून वर जातात. मी मुलुंडच्या टेकडीखाली वणवण फिरतो, घरी येईपर्यंत फुलं काळवंडलेली. (पडलेलीच उचला, झाडाला हात लावू नका. नॅशनल पार्कमधून तर काहीच आणायचं नाही.) शिवाय त्याला गच्ची. माझं पातेलं दूध आणि वरणाच्या मधल्या वेळात गॅसवर चढतं.

"या साडूभाऊ! इन्स्पेक्शनला ना?"

"चहा प्यायला आलोय."

"मुलुंडला मिळत नाही वाटतं!"

हसता हसता त्याने पातेल्यातून अंतरपाटाच्या मांजरपाटाचा तुकडा काढला आणि उजेडात धरला. कुठे केशरी, कुठे पिवळट, ओल धरलेल्या भिंतीसारखा. "धोतरावर झकास आलं होतं हो. याला काय झालं?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

उरलेल्या कापडावर मी पाण्याचा थेंब टाकला. मोत्यासारखा वरच बसला. खळ! धोतर शंभरदा धुतलेलं, हे थेट दुकानातलं. "न धुता घातलंस?"

"मीच सांगितलं, भाऊजी," मेहुणी सुनीता म्हणाली. "लग्नाचं कापड कोरंच हवं. धुतलं की कोरं कुठलं?"

"अगं, रंगात भिजतंच ना?" मी म्हटलं.

"ते रंगाचं पाणी. धुण्याचं नाही."

मी गप्प बसलो असतो, तर अंतरपाट आपोआप माझ्याकडे आला असता. अख्खा चहा संपेपर्यंत मी गप्पच होतो. पण त्याने उरलेलंही तसंच रंगवलं असतं आणि दुसऱ्या मांजरपाटाला वेळ मिळाला नसता, तर मधुरा त्या डागांमागे उभी राहिली असती.

"मग धुऊ नका. शिजवा," म्हटलं. सुनीताला ते चाललं.

धुण्याचा सोडा आणि रिठा घालून उरलेलं कापड उकळलं, थेंब टाकताक्षणी जिरेपर्यंत. मग हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग फुलं, शेवटी चिमूटभर चुना. संध्याकाळी सबंध कापड एकसारखं केशरी. माझ्या फुलांतून असा कधी निघालेला नाही.

घरी पोचलो तेव्हा फोटो माझ्याआधी आला होता. "काकांचा हात काय आहे ना, बाबा!"

"आहे," म्हटलं आणि आंघोळीला गेलो. खळ कोणी काढली, हे कापडावर दिसत नाही.

घरी मी काही बोललो नाही. इथे लिहितोय ते तुमच्यासाठी: कोरं कापड आधी उकळा. मधुरा हा ब्लॉग वाचते, ती गोष्ट वेगळी.