चौथ्या पानावरची बातमी

“आत घाला त्याला!” असं म्हणत ते पेपर मांडीवर आपटायचे आणि माझा वस्तरा हवेतच थांबायचा.

तेरखेड्यात माझं केशकर्तनालय आहे. दुकानात पेपर येतो तो गिऱ्हाइकांनी नंबर येईपर्यंत चाळावा म्हणून. हे गृहस्थ मात्र दाढी असो नसो, रोज सकाळी हजर. गालाला साबण लावून घ्यायचा आणि न्याय सुरू. पुलाच्या कामात कुणी खाल्लं, आत घाला. परीक्षेचा पेपर फुटला, आत घाला. कोर्टानं पुढची तारीख दिली की मात्र ते खुर्चीतून अर्धे उठायचे.

“मान हलवू नका, जजसाहेब,” मी म्हणायचो. “नाहीतर मलाच आत जावं लागेल.”

सगळं गाव त्यांना जजसाहेबच म्हणायचं. होते फटाक्याच्या कारखान्यात भुईनळे भरणारे. कितीही घासली तरी नखांत चंदेरी भुकटी राहायची. माझे टॉवेल त्यांनी इतके काळे केले की शेवटी एक टॉवेल मी त्यांच्याच नावानं वेगळा ठेवला. तो दुसऱ्याला लावलेला त्यांना खपायचा नाही.

एकदा पेपरात आलं, विमानतळावर झडती घेताना कुणा मोठ्या माणसाला बूट काढायला लावले आणि तो भडकला. जजसाहेब त्याच्यावर भडकले. “बूट काढाया काय धाड भरली? मनात काय न्हाय तर हात वर करायचं न् हुबं ऱ्हायचं!” आणि साबणासकट दोन्ही हात वर करून दाखवले.

त्याच भरात त्यांनी एका बाईलाही आत घातलं होतं. जवळच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवणारी बाई. तिनं तांदूळ चोरला, असा आरोप पेपरात आला. “लेकरांच्या तोंडचा घास! आत घाला तिला.” प्रकरण दुकानात तिथंच निकालात निघालं.

पुढं त्यांची मुलगी बाळंत झाली. जावई फौजेत, पार उत्तरेला. नातू बघायला या म्हणून त्यानंच विमानाचं तिकीट काढून दिलं. जजसाहेब नवा शर्ट घालून निघाले, पिशवी मात्र कारखान्यात नेत तीच घेतली. “चांगली हाय की. कुठं फाटलीय?”

विमानतळावर त्या पिशवीवरून कसलीशी पट्टी फिरवली आणि यंत्र बोंबललं. तिथल्या साहेबानं विचारलं, “क्या काम करते हो?”

आता आमच्याकडं फटाक्यात भरायच्या भुकटीला दारूच म्हणतात. त्यांनी खरं ते सांगितलं, “दारू का काम है, साब.”

“पीकर आए हो?”

“पीने की नहीं, साब,” जजसाहेबांनी खुलासा केला. “उडाने की.”

विमान त्यांना न घेता गेलं. कारखान्याला फोन झाले, जावयाला फोन झाले, मग संध्याकाळी चहा पाजून सोडून दिलं. ते रेल्वेनं गेले, नातू बघून आले. पण तोवर पेपरात येऊन गेलं होतं की धाराशिव जिल्ह्यातला एक संशयित विमानतळावर ताब्यात. नाव छापलं नव्हतं. त्या आठवड्यात गावातून विमानाला गेलेला माणूस एकच, त्यामुळं नावाची गरजही नव्हती.

परत आल्यावर त्यांनी दुकानात पाय ठेवला आणि बाकड्यावरून कुणीतरी गमतीनं ओरडलं, “आत घाला त्याला!” दुकान हसलं. जजसाहेब खुर्चीत बसले. मी साबण लावायला वाकलो तेव्हा त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, “भाऊ, म्या सुटल्याचं कंच्या पानावर आलंय?”

“कुठंच नाही आलं.”

“लेकीच्या सासरचं इचारत्यात, तुज्या बापानं काय केलं व्हतं म्हून.”

त्यांचा चेहरा मला आरशात बघवेना.

त्यानंतर ते पेपर वेगळ्याच नजरेनं वाचू लागले. कोण सापडला हे सोडून कोण सुटला ते शोधायचे. सुटलेले फारसे सापडायचे नाहीत. मग एका सकाळी ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, भरल्या दुकानात पेपर उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले, “खिचडीवाल्या बाई निर्दोष. चौकशीत तांदूळ पुरा भरला. बाईंवरचा आळ खोटा.”

“कुठल्या पानावर?” बाकड्यावरून कुणीतरी विचारलं.

“चौथ्या.” आणि पेपर घडी करून मांडीखाली दाबला.

दुकान रिकामं झाल्यावर मी चौथं पान काढलं. पानभर ट्रॅक्टरची जाहिरात.

“काल बाईच्या घरला गेलतो,” ते म्हणाले. “चौकशी कवाच झाली. कुनी छापलंच न्हाय. अजून बाया तिच्या हातचं पानी घेत न्हाईत. मंग म्या वाचलं.”

“आणि तुमचं?”

“आपलं आपन कसं वाचावं? त्ये दुसऱ्यानं वाचाय पायजे.”

दुसऱ्या दिवशी दुकान भरायची मी वाट बघितली. त्यांच्या गालाला साबण लावला, वस्तरा खाली ठेवला आणि पेपर उचलला. “विमानतळावर अडवलेले तेरखेड्याचे गृहस्थ निर्दोष,” मी वाचू लागलो. जजसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

“मोठ्यानं वाचा, भाऊ,” ते म्हणाले. “मागं ऐकू जात न्हाय.”

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं. त्यांचा टॉवेल मी धुऊन खिळ्याला अडकवलाय. माणूस इतका आवडता होता, हे मला तो टॉवेल वाळत घालताना कळलं.

दहाव्यानंतर एक बाई दुकानाच्या पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात जेवणाचा डबा. म्हणाल्या, “भाऊ, शाळंतली खिचडीवाली म्या. जजसायबांनी माजी बातमी वाचली व्हती न्हवं, त्यो पेपर हाय का? कापून ठिवावी म्हनते.”

“तो पेपर साबण पुसण्यात गेला, बाई,” मी म्हणालो.

त्यांनी दुकानात नजर फिरवली, खिळ्यावरच्या टॉवेलाकडं बघितलं.

“असू द्या. चौथंच पान व्हतं न्हवं?”

“चौथंच,” मी म्हणालो.