जळालेला बेस

दौंडला पाटस रस्त्यावर एक म्हातारे स्पीकर दुरुस्त करायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. जळालेला बेस, म्हणजे धमधम करणारा मोठा स्पीकर, उघडला की ते आधी त्याचा वास घ्यायचे. एकदा वास घेताघेताच तो बेस घेऊन आलेल्या डीजेवाल्याला म्हणाले, "आताच्या गाण्यांत गाणंच न्हाई."

त्याला संध्याकाळी वरात वाजवायची होती. त्यानं टेबलावर मूठ आपटली. "आबा, पुन्हा म्हणा!"

आम्ही गिऱ्हाइकं मागं सरकलो. आबांचा हात थांबला नाही.

"गाणाऱ्याचा आवाज टॉपमधनं, त्या वरच्या बारक्या स्पीकरमधनं येतो ना? बेस रोज जळून येत्यात. टॉप एकदाबी आला न्हाई. वापरतंय कोण?"

त्यानं मूठ सोडली आणि खिशातून पैसे काढले.

संध्याकाळी ती वरात माझ्या दारावरून गेली. छाती हादरली, खिडकीच्या काचा थरथरल्या. गाणं कोणतं होतं, ते मात्र सांगता येणार नाही.