पंडिताइन राहण्याची दलाली

मला एखाद्या माणसाची किळस आली की हात धुवावेसे वाटतात. झाशीतल्या त्या दलालानं माझ्या हाताला कधी स्पर्श केला नव्हता, तरी तो येऊन गेला की मी साबण लावून कोपरापर्यंत हात धूत असे.

आम्ही साताऱ्याकडचे. यजमान फौजेत, बदली झाशीजवळच्या बबीना छावणीत. क्वार्टर मिळेना, म्हणून झाशीत नगरा भागात भाड्याचं घर शोधत होतो. गणपतीच्या आरतीला गेलो तिथं हा भेटला. पांढरा कुडता, कपाळाला गंध, तोंडात साखर. "अहो, तुम्ही मराठी! मग या हिंदीवाल्यांना कशाला विचारता? मी आहे ना, वहिनी." परमुलखात मराठी शब्द कानावर पडला की आम्हा फौजी बायकांचा जीव भांड्यात पडतो. त्या दिवशी त्याच भांड्यात माझी अक्कलही पडली. त्यानं एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतलं. मी पावती मागितली, तर चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखा चेहरा केला. "आपल्या माणसांत पावती कसली, वहिनी?"

घरमालकीण दतिया गेटपाशी राहायच्या. सगळे त्यांना अम्माजी म्हणत. आम्ही सामान लावल्यावर त्या एकदा घर बघायला आल्या आणि मला म्हणाल्या, "काय पंडिताइन, पूजा किते करतीं?" म्हणजे देवघर कुठं मांडलंय. मी यजमानांकडं बघितलं, यजमानांनी दलालाकडं. तो हसत होता. अम्माजी गेल्यावर जिन्यात त्यानं खुलासा केला. झाशीत मराठी म्हणजे जुनी पुरोहितांची आणि कारभाऱ्यांची घरं, लोक आपल्याला पंडितच समजतात. त्यानं तो समज मोडला नव्हता, वर स्वतःचा शिक्का मारला होता. "अम्माजी कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. मटण खाणारे म्हटलं असतं तर घर मिळालं असतं का? मी सांभाळून घेतलंय. तुम्ही बिल्कुल फिकर करू नका."

आम्हाला न विचारता आमची जात बदलून ठेवणारा हा कोण? पण सामान लागलं होतं, मुलीचं नाव शाळेत घातलं होतं. यजमान म्हणाले, "जाऊ दे, आपल्याला काय इथं जन्म काढायचाय?"

त्या सांभाळण्याची किंमत पुढं कळली. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की हा हजर. नवा करार, म्हणून नव्यानं दलाली, पुन्हा एका महिन्याचं भाडं. घर तेच, आम्ही तेच, अम्माजी त्याच. यानं नवीन काय शोधून दिलं होतं, देव जाणे. कुरकुर केली की आवाज खाली आणून म्हणायचा, "अम्माजींना अजून काही कळू दिलेलं नाही हं." महिन्याचं भाडंही तोच न्यायला यायचा, म्हणजे आमची अम्माजींशी गाठच पडायला नको.

आणि आमचे रविवार! झाशीचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच कळेल. बाहेर गरम वाऱ्याची लू चाललेली, आत सगळ्या खिडक्या बंद, आणि मी शिट्टीचा आवाज जाऊ नये म्हणून कुकरवर ओला टॉवेल धरून उभी. यजमान एकदा ताटावरून म्हणाले, "आपण जेवतोय की चोरी करतोय?" पुढं मी मटण करणंच सोडलं. स्वतःच्या घासाची लाज वाटायला लावणाऱ्या माणसाला आम्ही वर पैसे मोजत होतो.

मग यजमान सीमेवर गेले आणि मी मुलीला घेऊन मागं राहिले, कारण तिचं दहावीचं, बोर्डाचं वर्ष होतं. ते पार पडेपर्यंत हे घर हलून चालणार नव्हतं. दलालाला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. करार संपायला आला तसा तो आला आणि या वेळी त्यानं दुप्पट मागितलं. "अम्माजींच्या कानावर कुणीतरी घातलंय म्हणे. मी तरी किती झाकणार, वहिनी? मुलीचं बोर्ड आहे, मध्येच घर सोडणं बरं दिसतं का?" असं म्हणून त्यानं अभ्यासाला बसलेल्या माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो गेल्यावर मी पोरीला न्हायला लावलं.

शेजारी जुन्या झाशीकर मराठी घरातल्या एक काकू होत्या. त्यांचे यजमान कोर्टकचेरीत नोकरीला. मी त्यांच्यापुढं सगळं ओकले. काकू तडकल्याच. "अगं, दलाली एकदा घर दाखवण्याची! करार नवा करायला दलाल लागतो कशाला? सरळ मालकिणीशी बोल. आणि भाडं त्याच्या हातात द्यायचं नाही. मनीऑर्डर कर, कुठल्या महिन्याचं ते लिही, सहीची पोच तुझ्याकडं येते. तिनं नाही घेतलं तर कोर्टात भरता येतं, ह्यांना विचार. भाडं भरणाऱ्याला असं कुणी उठाके बाहेर नाही काढू शकत."

दुसऱ्या दिवशी मी दतिया गेटला गेले. अम्माजी बाजेवर बसून सुपारी कातरत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं की आम्ही पंडित नाही, मराठे आहोत, मटण खातो, आणि दलाल ते लपवण्याचे पैसे घेतो.

अम्माजींचा अडकित्ता थांबलासुद्धा नाही. "बैठो बिन्नू. हमें तो पैलेईं सें पतो हतो. फौजी आदमी गोस नईं खैहे तो का घास खैहे?"

म्हणजे आम्ही मटण खातो हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! मला क्षणभर हसू आलं, हायसं वाटलं.

"बो जो तुमसें लेत तो, ऊमें सें आधो हमें देत तो," त्या म्हणाल्या. "अब ऊए काय देने? पूरो हमई खों दे दओ करो."

म्हणजे अर्धे पैसे यांच्याच घरात येत होते, आणि आता यांना पूर्ण हवे होते. त्यांनी पुढं केलेली सुपारी मी घेतली नाही. "अम्माजी, किराया हर महीने मनीऑर्डर से आएगा. उसके ऊपर एक पैसा नहीं."

"तो घर खाली कर दो."

"कोर्ट का कागज ले आइए, कर दूँगी." असं म्हणून मी उठले.

पहिली मनीऑर्डर परत येईल असं वाटलं होतं. आली नाही. अम्माजींनी सही करून पैसे ठेवून घेतले, आणि पुढंही दर महिन्याला घेतले. कोर्टाचा कागद काही आला नाही. लेकीनं सगळे पेपर त्याच घरातून दिले. निकाल लागल्यावर आम्ही ट्रकवर सामान चढवत होतो, तेव्हा तो पांढरा कुडता पुन्हा उगवला. किल्ली घ्यायला अम्माजींनी त्यालाच पाठवलं होतं. किल्ली खिशात टाकून तो हसला. "वहिनी, जाता जाता किल्लीचं काही चहापाणी? आपलीच माणसं आपण."

मी त्याच्या पायांपुढच्या नालीत थुंकले. सगळी गल्ली बघत होती, आणि लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिनंही बघावं असंच मला वाटत होतं.